डावीकडचा बॉल जॉइंट

पचमढी
१४ ऑक्टोबर २०२४

बाबा,

तुम्ही म्हणता पत्रात आधी काम, मग खुशाली. तर काम. गाडी बोलायला लागलीये. पुढून, डावीकडून. खड्डा आला की 'टक'. आणि घाट उतरताना ब्रेक दाबला की वेगळाच, जाड आवाजातला 'खड'. स्टेअरिंग जरा सैल धरलं की गाडी आपोआप डावीकडे सरकते, आणि इथे डावीकडे बरेचदा काही नसतं. म्हणजे खूप खाली असतं.

पिपरियाच्या मिस्त्रीने जॅक लावून पाहिलं आणि यादीच काढली. दोन्ही लिंक रॉड, दोन्ही लोअर आर्म, दोन्ही बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, शॉकरचे माउंट. मी विचारलं, यातलं नक्की झिजलंय काय? तर हसला. "मॅडम, सोला साल की गाड़ी है. सब थोड़ा-थोड़ा." मी तुमची मुलगी, मला हे थोड़ा-थोड़ा चाललं नाही. बॉल जॉइंट म्हणजे काय तेही त्यालाच विचारलं. म्हणाला, आदमी का कूल्हा, म्हणजे आपला खुबा. वाटीत गोळा, त्यावर चाक वळतं. वाटी झिजली की गोळा हलतो, आणि एक दिवस बाहेर येतो. मग? मग चाक गाडीखाली आडवं.

हे तो जिलेबी खात सांगत होता.

शिल्पा, माझ्या शाळेत गणित शिकवते ती, दर शनिवारी माझ्या गाडीतून पिपरियाला येते. आता ती घाटात बोलत नाही. काय बदलू, तुम्ही सांगा.

खुशाली: आहे.

जुई


आनंद नगर, भोपाळ
१९ ऑक्टोबर

जुई,

पत्र मिळालं. तारीख आहे, दोष कुठे आणि केव्हा ते लिहिलंयस. स्वीकारलं.

कारखान्यात आमच्या टेस्ट बेमध्ये 'सब थोड़ा-थोड़ा' असं उत्तर कुणी दिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो स्टोअरमध्ये खोकी मोजत बसला असता. झिजलंय किंवा नाही झिजलं, उत्तरं दोनच. न झिजलेला पार्ट काढणं ही चोरी. झिजलेला ठेवणं हा खून. मधलं खातं नाही.

एकतीस वर्षं मी चालत्या मोटरच्या बेअरिंगवर हात ठेवून पास-नापास केलं. नंतर कंपन मोजायचं यंत्र आलं. साहेब लोक यंत्र लावायचे आणि आकडा वाचायच्या आधी माझ्याकडे बघायचे. 'हाथवाले साहब' हे नाव मी स्वतःला दिलेलं नाही. कान त्या बेमध्येच गेले, ते कारखान्याला देऊन आलो. हात घरी आणला.

दिवाळीला गाडी घेऊन ये. तोवर घाटात दुसरा गिअर. मिस्त्रीला पाना लावू देऊ नकोस. आणि जो पार्ट निघेल तो फेकायचा नाही. रिजेक्ट माल इन्स्पेक्टरकडे परत येतो, ही शिस्त घरातही तीच.

व्हॉट्सअॅपवर का नाही उत्तर देत, म्हणून आईकडे विचारणा केलीस. तू दिलेला फोन माझं बोट ओळखत नाही. चारचारदा दाबावं लागतं. फोन नापास.

बाबा


पचमढी
७ नोव्हेंबर

बाबा,

पोचले. गाडीनेच, एकसंध.

दिवाळीचा तो सीन माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही गोणपाटावर, अर्धे गाडीखाली. आई भाऊबीजेच्या साडीत ड्रायव्हिंग सीटवर. तुम्ही खालून हाताने खूण केली की ती स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "मी नाही शिकत हो, हे तपासतायत." समोरची पिंकी फुलबाजी विझली तरी तशीच धरून बघत होती. आणि तुम्ही प्रत्येक जोड मुठीत धरून, डोळे मिटून. मग तो रिपोर्ट, कार्बन पेपर घालून दोन प्रतींमध्ये. दोन्ही लिंक रॉड नापास. बाकी सर्व पास. खाली सही.

लिंक रॉड बदलले आणि 'टक' गेला. खरंच गेला. तुमच्या शेल्फवर त्या दोन रॉडना लाल चिठ्ठ्या बांधून ठेवल्यात, आईनं फोटो पाठवला.

पण 'खड' आहे, बाबा. परवा घाटात मटकुलीच्या वरच्या वळणावर ब्रेक दाबला आणि स्टेअरिंगने हाताला झटका दिला. कुणीतरी पलीकडून ओढल्यासारखा. डावं टायर आतल्या बाजूने गुळगुळीत झालंय.

एकदा परत विचारते, रागवू नका. डावीकडचा बॉल जॉइंट नीट धरून पाहिला होता ना?

आणि दुसरं. गाडी नुकतीच बंद केली होती आणि तुमचं मनगट सायलेन्सरला टेकलं होतं. मी ओरडले तेव्हा तुम्ही हात काढला. म्हणजे माझं तोंड बघून काढला. मग हसलात, म्हणालात, कारखान्याची कातडी आहे. भाजलेलं भरलं का?

जुई


आनंद नगर, भोपाळ
१२ नोव्हेंबर

जुई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वडील म्हणून, त्यात काही धड वाचता आलं नाही. दुसऱ्यांदा इन्स्पेक्टर म्हणून.

टायर आतून घासलं तर अलाइनमेंट बिघडलंय. खाली काम झालं की अलाइनमेंट करायचं असतं, ते तू केलं नाहीस. घाईने निघालीस. झटक्याचं कारण तेच. डावीकडचा जोड मी चार मिनिटं धरला होता, घड्याळ लावून. तुझी आई स्टेअरिंग हलवत होती. जोडात केसाइतका खेळ असता तरी तो तळव्यात कळतो. हात नाही म्हणाला. हात नाही म्हणाला म्हणजे नाही.

माझ्या सहीवर पुन्हा तपासणी मागणारी तू पहिली. एकतीस वर्षांत कुणी मागितली नव्हती.

भाजलेलं भरतंय. डॉक्टर साखरेची गोळी वाढवा म्हणतो, पायाची बोटं दाखवा म्हणतो, अमुक दाखवा, तमुक दाखवा. तोही थोड़ा-थोड़ावालाच.

बाबा

(मागच्या पानावर, पेन्सिलने)

जुई, पाकीट मी चिकटवतेय म्हणून लिहिते. फोनवर बोलता येत नाही, हे समोरच बसतात. ऐकू येत नाही पण माझे ओठ वाचतात. परवा गॅसवरून उकळता चहा असलेलं पातेलं यांनी नुसत्या हाताने उतरवलं. पक्कड ओट्यावरच होती. धरून उभे राहिले आणि मला विचारतात, कप कुठे आहेत. मी ओरडले तेव्हा खाली ठेवलं. शर्टाची बटणं महिनाभर मी लावतेय. कुणाला सांगायचं नाही म्हणालेत. तुला सांगितलं असं लिहू नकोस. गाडीचं तू तुझं बघ. आई.


(हे पत्र टाकलं नाही.)

पचमढी
१६ नोव्हेंबर

बाबा,

आज शनिवार. शिल्पाला बसने पाठवलं आणि मी एकटी गाडी घेऊन खाली उतरले. सगळा घाट वीसच्या स्पीडने. मागून येणारे हॉर्न मारत होते आणि मी त्यांना काचेतून सॉरी सॉरी म्हणत होते. प्रत्येक ब्रेकला मला ते पातेलं दिसत होतं.

मिस्त्रीने चाक उचललं, खाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घातली आणि हलवली. बाबा, मला दिसलं. मला, जिला गाडीतलं काही कळत नाही, तिला चार फुटांवरून दिसलं. चाक आख्खं हललं. त्याने जोड काढला आणि गोळा वाटीतून अंगठ्याने बाहेर ढकलला. पिकल्या सीताफळातून बी निघावी, तितक्या सहज.

या वेळी तो हसला नाही. आधी चहा मागवला, तोही माझ्यासाठी. मग म्हणाला, "दिवाली में किसने देखा था?"

मी म्हटलं, मेरे पापा ने.

"उनको बोलना, अब मत देखा करें."

तुम्हाला कळलंच नाही, बाबा. तुम्ही चार मिनिटं तो जोड धरून होतात आणि तुमच्या तळव्याला काहीही कळत नव्हतं. आणि तुम्हाला हेही कळलं नाही की कळत नाहीये, कारण गप्प असलेला हात आणि 'नाही' म्हणणारा हात, तुम्हाला

(इथे थांबलेलं.)


पचमढी
१७ नोव्हेंबर

बाबा,

अलाइनमेंट करून घेतलं. आवाज पूर्ण गेला. गाडी सरळ चालते. पार्ट काही निघाला नाही, त्यामुळे परत पाठवण्यासारखं नाही.

तुमचा हात बरोबर होता. मी चुकले.

डॉक्टरकडे मात्र जा. माझ्यासाठी.

सही: जुई


आनंद नगर, भोपाळ
२५ नोव्हेंबर

माझी जुई,

तुझं पत्र शोकेसच्या काचेला चिकटवलंय, कारखान्याच्या घड्याळाशेजारी. आई म्हणते काढा, पाहुणे वाचतात. वाचू देत.

आता तुला एक सांगायला हरकत नाही. मधे मला स्वतःलाच शंका आली होती. एका सकाळी दुधाची पिशवी हातात होती आणि ती गार आहे हे मला तिच्यावरचं पाणी बघून कळलं. मग मी घरभर वस्तू धरून बघत फिरलो. किल्ली, कंगवा, कढीलिंबाचं पान. आईला सांगितलं, काहीतरी हरवलंय, शोधतोय. एखाद्या डॉक्टरला विचारावं असं मनात आलं होतं. तेवढ्यात तुझं पत्र आलं. वापरात असलेल्या गाडीवर, घाटात चालवून दिलेला निकाल. याच्यापुढे डॉक्टरचा कागद काय. शंका बंद केली.

आणि हाताला काम मिळालंय. मनोहर तुला माहीत आहे, कॉलनीतली मुलं शाळेत नेतो तो व्हॅनवाला. पिंकी त्याच्याच व्हॅनने जाते. त्याला गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही बॉल जॉइंट गेलेत म्हणून सांगितलं. तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, आण. गोणपाट काढलं. आई तयार होत नव्हती, हल्ली तिला काय झालंय कळत नाही, पण शेवटी बसली स्टेअरिंगवर. दोन्ही बाजू पाचपाच मिनिटं धरल्या. काही नाही. भिंतीइतके घट्ट. मनोहरचा विश्वास बसेना तेव्हा तुझं पत्र हिंदीत वाचून दाखवलं. तो पायाच पडला.

रिपोर्ट दिला, दोन प्रतींत. व्हॅन सध्या रंगाला दिली आहे. सोमवारी, दोन तारखेला परत सुरू. अकरा मुलं, रायसेन रोड, त्या ट्रकांमधून. म्हणून तर नीट बघून दिली.

बाबा


पचमढी
२८ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा,

हे पत्र टपालाने येत नाहीये. भोपाळच्या बसच्या कंडक्टरकडे दिलंय, आई उद्या स्टँडवर जाऊन घेईल. सोबत एक डबा आहे. आधी पत्र वाचा.

काल मी आईला फोन केला. तिने तुम्हाला खरं काय ते तोंडावर सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, बोलणं चालत नाही, सही केलेलं दाखव. सही केलेलं तर काचेवर आहे, माझ्याच अक्षरात. मग मी मनोहरला फोन केला. तो म्हणाला, "दीदी, आपकी ही तो चिट्ठी पढ़के सुनाई थी अंकल ने. अब आप ही उल्टा बोल रही हो?" मी म्हटलं, ती चिठ्ठी खोटी होती. तो म्हणाला, "तो ये फोन सच्चा है, ये कैसे मानूँ?" आणि ठेवला. परत केला तर उचलत नाही. त्याला खोटं कोणतं हे कळून घ्यायचं नाहीये. सोमवारी त्याची व्हॅन रस्त्यावर येतेय.

म्हणून लेखी देते.

सतरा नोव्हेंबरचं माझं पत्र खोटं आहे. अलाइनमेंटने आवाज गेला नाही. डावीकडचा बॉल जॉइंट संपूर्ण गेलेला होता. सोळा तारखेला तो काढला, नवा घातला. जुना डब्यात आहे. तुमची शिस्त मोडून मी तो बारा दिवस माझ्या कपाटात, स्वेटरखाली लपवला.

का खोटं लिहिलं? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. इतकंच. तुम्ही एका शब्दात नापास केलं असतंत असं कारण.

आता डबा उघडा. आईला सांगा, जोड तुमच्या हातात देऊन गोळा हलवायला. आधी डोळे मिटून धरा, जसे धरता तसे. मग डोळे उघडा.

शाळेची तपासणी चालू आहे, सोमवारी सकाळपर्यंत मला सोडत नाहीत. दुपारच्या बसने निघते. तोवर हे पत्र म्हणजे मीच, असं समजा. पण व्हॅन सोमवारी सकाळी निघते, बाबा. माझ्या आधी.

सही: जुई


आनंद नगर, भोपाळ
२ डिसेंबर, सोमवार, सकाळी आठ

जुई,

तू आज येतेस, म्हणजे हे पत्र तुझ्या हातातच देईन. तरी लिहून ठेवतो. लिहिल्याशिवाय माझ्यासाठी काही घडलेलं नसतं.

डबा शुक्रवारी मिळाला. डोळे मिटून जोड धरला. आईने गोळा हलवला असं ती म्हणते. मी म्हटलं, हलव ना. ती म्हणाली, हलवतेय. मी डोळे उघडले. माझ्या तळव्यावर तो गोळा वाटीत गटांगळ्या खात होता. मी बघत होतो आणि हात घट्ट म्हणत होता.

तुला वाटेल मी लगेच मनोहरकडे गेलो असेन. गेलो नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला, काल रविवारही गेला. दोनदा चप्पल घातली. एकदा फाटकापर्यंत गेलो. त्याला काय सांगायचं ते पाठ केलं, पण त्याच्या आधी 'माझा हात' हे दोन शब्द येतात, तिथे अडत होतो.  आईने तो जोड जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवला. तीन दिवस, दोन्ही वेळा.

आज पावणेसातला व्हॅन कोपऱ्यावर आली. नवा पिवळा रंग. मुलं चढायला लागली. तेव्हा गेलो. कसा ते माहीत नाही, स्वेटरची बटणं उघडीच होती.

मनोहरला म्हटलं, उतरवा सगळ्यांना. तो काहीतरी बोलत होता, मी त्याच्या तोंडाकडे मुद्दाम बघितलं नाही. पुढच्या चाकासमोर रस्त्यावर बसलो. आईबाप जमले. पिंकीचे आजोबा मला उचलायला आले. तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं, हिंदीत, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको. "मेरे हाथ को कुछ मालूम नहीं पड़ता. गरम-ठंडा भी नहीं. मैंने झूठा पास किया है." खिशातून तुझा जोड काढला आणि पिंकीच्या आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो हलवून पाहिला. मग त्यांनी स्वतः व्हॅनमध्ये वाकून पिंकीला खाली घेतलं. तिच्या मागून एकेक करून बाकीची. अकरा मोजली.

मनोहर संतापला होता. हे मात्र त्याच्या तोंडावर वाचलं: पूरी कॉलनी में मेरा तमाशा बना दिया. अभी खाली चला के दिखाता हूँ, रायसेन रोड का पूरा चक्कर. मी त्याचा दरवाजा धरला. धरला असं मला वाटलं. तो निघाला तेव्हा माझा हात जागेवर होता आणि दरवाजा नव्हता.

घरी येऊन तुझं सतरा तारखेचं पत्र काचेवरून काढलं. फाडलेलं नाही. लाल पेनाने आडवी रेघ मारली, खाली माझा दिवाळीचा रिपोर्ट जोडला, त्यावरही रेघ मारली आणि सही केली. सही ओळखू येत नाहीये. तू आलीस की डॉक्टरकडे जाऊ. हात दाखवायचे आहेत असं त्याला तूच सांग.

मनोहरचा फेरा वीस मिनिटांचा असतो. त्याला निघून तास झाला. आईने दोनदा फोन लावला, उचलत नाही. रागाने नसेल उचलत. तुझाही उचलत नव्हता.

आता ती गॅलरीत उभी आहे आणि रायसेन रोडकडे बघते आहे. तिकडे काही आवाज झाला असेल तर तो तिलाच ऐकू येणार. मी इथे खुर्चीत बसून तिच्या तोंडाकडे बघत लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आहे.

आत्ता तिने कठडा धरला. ओठ अजून मिटलेलेच आहेत.

बाबा